सर्वसाधारण वर्ष

सिंहस्थात लग्नं होत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं.

गुरू एकदा सिंह राशीत शिरला, की तो बाहेर पडेपर्यंत कुणी बोहल्यावर चढत नाही, हे नाशिकच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी त्याच नाशिकच्या वेशीवर वर्षभर मुक्काम ठोकून होतो. वर सिंहस्थावर एक अख्खी पुरवणी लिहिली होती मी. साधू किती येतील, दूध किती लागेल, पत्रावळी, सरपण, कोथिंबीर, सगळं होतं त्यात. ही एक गोष्ट तेवढी नव्हती. आणि तिच्यापायी माझ्या हातून जे गेलं, ते परवा खंडेनवमीला सातपूरच्या एका कारखान्यात माझ्यासमोर लोखंडी खुर्चीत बसून पेढा खात होतं.

इंदूबाई. कारखाना त्यांच्या मुलाचा, वसंताचा. पत्र्याची शेड, दोन लेथ, कोपऱ्यात लोखंडाच्या चुऱ्याचा ढीग. वसंतानंच बोलावलं होतं. "काका, तरुणपणी तुम्ही इथंच राहायचात ना? या की. यंत्रांची पूजा आहे. काही ओळखता येतंय का बघा." नाशिक तसं लहान गाव. लग्नामुंजींत, वाचनालयाच्या पायऱ्यांवर मी आणि इंदूबाई एकमेकांना दिसत आलो होतो. "बरं आहे ना?" "बरं आहे." यापुढे संभाषण कधी सरकलं नव्हतं.

ओळखता काहीच येत नव्हतं. लेथच्या गळ्यात झेंडूच्या माळा होत्या, कपाळी हळदकुंकू. बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि मोटरसायकली भुर्रकन निघाल्या. तेल, तापलेला पत्रा, उदबत्ती. या सगळ्यात मी नाक वर करून उभा होतो.

"काय हुंगताय?" इंदूबाईंनी विचारलं.

"मासळी," मी म्हणालो.

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की पूजा सांगणारे गुरुजी मंत्र विसरले.

कारण त्यांनाही तो वास आठवत होता. त्या काळी सातपूरच्या द्राक्षमळ्यांत वेलींना सुक्या मासळीचं खत घालायचे. किनाऱ्यावरून पोती यायची, मळ्यातल्या खोलीत रचली जायची, आणि त्या खोलीच्या उरलेल्या अर्ध्या भागात मी राहायचो. संध्या सोडलेला असलो तरी जानवं गळ्यात असलेला, पुण्यात दोन परीक्षा पास झालेला, शेतीचं अर्थशास्त्र नावाच्या नव्याकोऱ्या विद्येचा उपासक. रात्री मासळीच्या पोत्याकडे पाठ करून झोपावं, तर सकाळी उशीलाही तोच वास. पुढे पुढे तर मला त्याशिवाय झोप येईना. ज्या द्राक्षाला शहरातले लोक मधासारखं गोड म्हणून नावाजायचे, त्याच्या मुळाशी हे होतं. माझ्या अहवालातलं हे एकच वाक्य सरांनी खोडलं नव्हतं.

सर म्हणजे पुण्यातले माझे गुरू. गोरे, उंच, बोलताना डोळे मिटून घेणारे. मंदी आली होती, धान्याचे भाव कोसळले होते, आणि खेड्याचं खरं चित्र एकदा कागदावर यायला हवं असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी मला सातपूरला धाडलं ते एकच मंत्र देऊन. "एक सर्वसाधारण गाव, एक सर्वसाधारण कुटुंब, एक सर्वसाधारण वर्ष. मृगापासून मृगापर्यंत. मध्ये एक दिवसाचाही खंड पडता कामा नये. खंड पडला की वर्ष गेलं."

मी मान डोलावली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की गावाला फोटोवाल्यासारखं 'हलू नका' म्हणून सांगता येत नाही. हलायची बंदी होते ती फक्त फोटोवाल्याला.

सर्वसाधारण कुटुंब म्हणून मी दगडूबाबांचं घर निवडलं. जमीन ना फार ना थोडी, बैल बऱ्यापैकी, विहिरीला पाणी बेताचं. हे त्यांना सांगावंसं मला का वाटलं कोण जाणे. बहुमान म्हणूनच सांगितलं मी.

"बाबा, अख्ख्या गावात तुम्हीच सरासरी निघालात."

"सरासरी म्हंजी?"

"म्हणजे मधले. ना मोठे, ना लहान."

दगडूबाबांनी चिलीम खाली ठेवली. "म्हंजी ना इकडचे, ना तिकडचे?"

त्यांची बायको ठकूमावशी आतून भाकरी थापत म्हणाली, "आवो, ते मास्तर खरं बोलून ऱ्हायले. लगीन झाल्यापून मीबी हेच सांगती तुमाला."

पण त्यांनी मला ठेवून घेतलं. मळ्यातली खोली दिली, अर्धी मासळीला, अर्धी मला. मी त्यांच्या भाकऱ्या तराजूत घालू लागलो, मोट किती वेळ चालते ते घड्याळ लावून पाहू लागलो, आणि ठकूमावशी शेजारणींना सांगू लागली, "आमच्याकडं एक मास्तर हाय. लय शिकेल हाय. बाईमाणसानं मीठ किती टाकलं ते लिवतो."

त्या वर्षाचे ऋतू माझ्या अंगात अजून तसेच आहेत. मृगातला नांगराचा ओला वास. श्रावणात नासर्डीच्या ओढ्याला आलेलं लाल पाणी आणि काठावर भिजत उभ्या म्हशी. आश्विनातली वेलींची छाटणी: कात्रीचा कुचकुच आवाज, कापलेल्या काडीच्या टोकाला जमणारा पाण्याचा थेंब, आणि "येल रडून ऱ्हायला," असं हलक्या आवाजात म्हणणाऱ्या बाया. थंडीत पहाटे मोटेचं चाक करकरायचं, चामड्याची मोट थारोळ्यात ओतली जाताना धो करून आवाज व्हायचा, आणि पाठोपाठ दगडूबाबांचा सूर यायचा, बैलांशीच बोलल्यासारखा. पाटातून पाणी माझ्या खोलीपुढून जायचं. त्यात हात घातला तर ते कोमट लागायचं. अंथरुणात पडल्या पडल्या मी हे ऐकायचो, आणि मग घड्याळ घेऊन धावायचो. ऐकत पडून राहण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

आणि समोर तो त्र्यंबकचा रस्ता. दोन्ही बाजूंना झाडी, मधून पांढरी धूळ. त्या रस्त्यानं टांग्यात बसलं तर पंचवटीत मामांच्या ओसरीवर जायला फार वेळ लागत नसे. पण मी जायचो नाही. एकदा संक्रांतीला मामींनी तिळगूळ घ्यायला बोलावलं, तेव्हा निघालोसुद्धा होतो. नासर्डीच्या पुलापर्यंत जाऊन परतलो. त्या दिवशी बाबांच्या घरी पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांच्या भाकऱ्या कोण मोजणार? पुलावर उभं राहून मी शहराकडून येणारी माणसं पाहिली. कुणी भाजी विकून रिकाम्या पाट्या घेऊन परत येत होतं, कुणी नवे जोडे घालून. सगळ्या गावाला येण्याजाण्याची मोकळीक होती. बांधलेला मी एकटा होतो, आणि दोर माझा मीच वळला होता.

फाल्गुनात द्राक्षं आली. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या वेलींवर भोकरी जातीचे घोस लोंबायला लागले, हिरवट पिवळे, उन्हात आतल्या बिया दिसतील असे. बांधावर एक पांगारा वाढू दिलेला होता, तो लालभडक फुलला होता आणि साळुंक्यांनी गजबजला होता. अशा दिवशी मामांचा टांगा आला. मामांबरोबर एक सद्गृहस्थ होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, आणि अण्णांबरोबर त्यांची मुलगी होती. निमित्त द्राक्षं खाण्याचं. मुलगी दाखवायला आणतात ती घरी, पाटावर बसवून. पण नवरा मुलगाच जर गाव सोडायला तयार नसेल, तर मुलीला मळ्यात आणावं लागतं, असं मामांनी अण्णांना समजावलं होतं. मामांनी माझ्यासाठी किती कमीपणा घेतला होता, हे मला फार उशिरा कळलं.

इंदू इंग्रजी शाळेत जाणारी होती. तिनं माझ्या खोलीत डोकावलं, पदर नाकाला लावला, आणि पदराआड हसली. मग मोठी माणसं विहिरीकडे गेल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही लोकांच्या भाकऱ्या मोजता म्हणे?"

"हो."

"मग माझ्याही मोजाल?"

अशा प्रश्नाला काय उत्तर द्यावं, हे मला आज सुचतं. तेव्हा मी म्हणालो, "नाही. तुम्ही या गावच्या नाही."

ती पुन्हा हसली. एक मणी तोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बी तळहातावर काढून पाहत राहिली. पांगाऱ्याची लाल पाकळी तिच्या खांद्यावर पडलेली होती. ती काढावी असं मला फार वाटलं. मी तिच्याकडे बघतोय हे तिला कळत होतं, आणि तिला ते कळतंय हे मला. मनात मी केव्हाच होकार देऊन बसलो होतो. एवढा ठाम मी आयुष्यात कुठल्याही आकड्याबद्दल नव्हतो.

मग आम्ही सगळे बांधावर बसलो. मामांनी घसा साफ केला.

"तर मग वैशाखात बार उडवू या. काय?"

आणि मी, ज्यानं नुसतं लाजून खाली बघायचं होतं, तो बोललो. "वैशाखात कसं जमेल मामा? माझं वर्ष मृगाला पुरं होतंय. मधेच खंड पडला तर सगळं फुकट जाईल. पावसाळ्यात मी अहवाल लिहीन. तुळशीचं लग्न झालं की मग आपलं. अगदी पहिला मुहूर्त."

अण्णांनी हातातला घोस खाली ठेवला.

"तुळशीच्या लग्नानंतर," अण्णा सावकाश म्हणाले.

"हो. तेव्हा मी पूर्ण मोकळा असेन."

अण्णांनी उपरणं झटकलं, त्याची घडी घातली, खांद्यावर टाकलं. "समजलं. आपला विचार समजला." त्यांच्या आवाजात रागबिग काही नव्हता. उलट काहीतरी दाद दिल्यासारखं होतं. मला वाटलं, काय समजूतदार माणूस! मामा मात्र लालबुंद झाले होते. ते टांग्यात चढताना मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतला. इंदूनं एकदाच वळून पाहिलं. टांगा धुळीत दिसेनासा झाला, आणि मी स्वतःची समजूत घातली, की मामांना मासळीचा वास सहन झाला नसावा.

मला कुणी सांगितलं का नाही? कारण मी तुळशीच्या लग्नाचं नाव घेतलं होतं. ज्याला चातुर्मास कळतो पण सिंहस्थ कळत नाही, असा माणूस नाशिकमध्ये आजवर झाला नव्हता. आधीचा सिंहस्थ आला तेव्हा मी दूर सोलापूरकडे बोर्डिंगात शुभंकरोति चुकवत होतो, आणि पुढे पंचांग न पाहणं हे शिकल्या माणसाचं लक्षण समजून बसलो होतो.

वैशाखात सातपूरला लग्नांचा पूर आला. ज्याच्या घरी म्हणून उपवर पोर होती, त्यानं मांडव घातला. ताशा सकाळी एका गल्लीत, दुपारी दुसऱ्या. हळदीचा, उकडलेल्या डाळीचा, भिजल्या गोणपाटाचा वास. ठकूमावशीनं आपल्या सोनीचं लग्न तर असं घाईनं उरकलं, की जात्यावरच्या ओव्याही म्हणे अर्ध्यावर राहिल्या. मी मान खाली घालून तांदूळ, डाळ, लुगडी लिहीत होतो. लग्नं एवढी का, याचा विचार मीही केला, नाही असं नाही. मी लिहिलं: 'द्राक्षास बरा भाव मिळाल्याने विवाहकार्यांकडे कल वाढलेला दिसतो.' एकालाही विचारलं नाही. 'किती'ला माझ्याकडे रकाने होते. 'का' हे मी टेबलापाशी बसून ठरवायचं असतं, अशी आमच्या विद्येची रीत होती. खरं सांगायचं तर अजून आहे.

त्याच दिवसांत मी त्र्यंबकच्या रस्त्याकडेला एका दगडावर बसून वाहनंही मोजायचो. गाड्या, टांगे, पायी जाणारे. मुंडावळ्या बांधलेली कितीतरी जोडपी त्र्यंबकराजाला पाया पडायला जाताना दिसायची. टांगा आला की एक रेघ, गाडी आली की दुसऱ्या ओळीत रेघ. चेहऱ्यांकडे बघायला सवड नव्हती.

मृगाचा पाऊस पडला. वर्ष पुरं झालं. ठकूमावशीनं ओंजळभर साखर हातावर ठेवली, आणि मी नवं धोतर नेसून टांग्यात बसलो. तो पूल ओलांडताना अंगावर जे मोरपीस फिरलं, ते मी शब्दांत सांगणार नाही. या वयात शोभत नाही. पंचवटीत साधूंचे आखाडे बांधण्यासाठी बांबू उतरत होते. रामकुंडावर डागडुजी चालली होती. मी मामांच्या ओसरीवर चढलो. मामा उठून आत गेले. मामी बाहेर आल्या.

"मामी, अण्णांकडे निरोप धाडायचा ना आता?"

"कसला निरोप?" मामींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "इंदूचं लग्न झालं की वैशाखात. वकील आहे मुलगा, इथलाच. आणि तू बाबा एवढा सुशिक्षित, नकोच होती तर नको म्हणायचंस. सिंहस्थ बसल्यावर कोण लग्न लावून देतं रे? तुळशीच्या लग्नानंतर म्हणे! तुझ्या मामांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

त्या क्षणी मी दोन गोष्टी करू शकलो असतो. ओसरीवर डोकं आपटू शकलो असतो, किंवा खरं सांगू शकलो असतो. पण पिशवीत ती पुरवणी होती, सुवाच्य अक्षरात, 'सिंहस्थ: एक आर्थिक विवेचन.' ती लिहिणारा माणूस कुठल्या तोंडानं म्हणेल, की मला सिंहस्थ माहीत नाही?

"हो ना," मी म्हणालो. "जरा चुकलंच सांगायला."

पुढचं थोडक्यात. सरांनी अहवाल वाचला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "लग्नांचा खर्च फारच आहे. हे वर्ष सर्वसाधारण दिसत नाही. आणखी एक वर्ष राहा." मी पुन्हा वळकटी घेऊन सातपूरला गेलो. त्या दुसऱ्या वर्षी अख्ख्या गावात एकही लग्न झालं नाही. सरांनी पुन्हा डोळे मिटले. त्यानंतर मी कितीतरी गावांत राहिलो, कितीतरी जणांच्या भाकऱ्या मोजल्या, खुर्ची मिळाली, शिपाई मिळाला, आणि दर वर्षी काहीतरी पुरं व्हायचं राहिलेलं असायचं. ते पुरं झालं की मग आपलं, असं म्हणता म्हणता मी निवृत्त झालो. लग्न राहूनच गेलं. सर्वसाधारण वर्ष मला कुठंही सापडलं नाही. दुष्काळ, अतिवृष्टी, लढाई, टोळ, प्लेग: प्रत्येक वर्षाला त्याचं त्याचं काही ना काही होतंच. लोक मात्र त्यातच लग्नं करत होते, मुलं वाढवत होते, विहिरी खणत होते. वर्ष संपायची वाट बघत दारात उभा असा मीच.

वसंताच्या शेडमध्ये आरती झाली. वसंतानं कळ दाबली आणि झेंडूची माळ घातलेला लेथ घरघरला. दगडूबाबांचा तो मळा कुठं होता ते मी जमिनीकडे बघून ठरवायचा प्रयत्न करत होतो. विहीर बहुधा रस्त्याखाली गेली असावी. पांगारा नव्हता. साळुंकी एक होती, विजेच्या तारेवर.

"आम्ही लग्नानंतर त्र्यंबकला गेलो," इंदूबाई एकाएकी म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही इथंच रस्त्याला दगडावर बसला होतात. मी टांग्यातून पाहिलं. ऊन मी म्हणत होतं. तुम्ही मान वर केलीत, टांग्याकडे बघितलंत, आणि खाली काहीतरी लिहिलंत."

"रेघ," मी म्हणालो. "टांग्याची रेघ ओढली."

"मला वाटलं, मुद्दाम बघत नाहीयेत. वाईट वाटलं असेल म्हणून."

लेथ थांबला. त्या शांततेत मला वाटलं, आता कशाला झाकायचं. मामा गेले, मामी गेल्या, अण्णा गेले, सर गेले. ती पुरवणी कुठल्याशा कपाटात वाळवीनं खाल्ली असेल.

"इंदूबाई," मी म्हणालो, "तेव्हा मला सिंहस्थाचं ठाऊकच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे सिंहस्थात लग्नं होत नाहीत, हे. तुळशीच्या लग्नानंतर असं मी खरंच म्हणालो होतो. मनापासून."

त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत काय काय येऊन गेलं ते मोजण्याचा मी, निदान या एकदा, प्रयत्न केला नाही.

"म्हणजे तुम्ही नको म्हणाला नव्हतात?"

"नाही."

"अहो, आमचे अण्णा मरेपर्यंत तुमचं कौतुक करत होते! म्हणायचे, नाही म्हणावं तर त्या मुलासारखं. मुलीचं मन न दुखवता, शास्त्राचा आधार घेऊन." त्यांनी पेढा बशीत ठेवला, पदरानं बोटं पुसली, आणि लेथकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी समजत होते, एका हुशार माणसानं मला नाकारलं. त्याचाही एक मान होता हो. तुम्ही तर नुसतेच बावळट निघालात."